गच्चीवरचे वीस मीटर

रेडिओ विकत मिळतो. पैसे मोजले की थर्मोकोलमध्ये नीट बसवलेला, खोक्यातून दारात येतो. अँटेना तशी येत नाही. म्हणजे जाहिरातींत तयार अँटेना भरपूर असतात, पण लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, जी खरोखर काम करते ती त्या त्या घराला मापूनच बनवावी लागते. गच्ची किती लांब, टाकी कुठे, शेजारच्या इमारतीची लिफ्ट किती कुरकुरते, सेक्रेटरी कुठल्या स्वभावाचे, हे सगळं तारेच्या मापात येऊन बसतं.

हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर बिनतारी बोलण्यात, नव्याने शिरणारी मुलं हमखास विचारतात, "काकू, सेट कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मिळेल तो जुना सेट घे आणि उरलेल्या पैशांत चांगली केबल आण. चेहरे पडतात. सेटला पडदा असतो, दिवे असतात, त्याचा फोटो छान येतो. तारेचा फोटो येतच नाही, आकाशासमोर ती दिसतच नाही. पण हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेला बिटएक्स नावाचा सेट बघा. घरी सोल्डरिंग करून जोडायचा, त्याच्या मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरलेले, आणि ताकद जेमतेम पाच-सात वॉट. तेवढ्यावर लोक देशभर बोलले, कारण बाहेरची तार नीट होती. उलट लाखभराचा सेट घेऊन खिडकीच्या गजाला तार गुंडाळणारेही मी पाहिलेत. त्यांना समोरच्या इमारतीतले चार्जर तेवढे फार स्पष्ट ऐकू येतात.

हिशेब शाळकरी आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला ७.१ मेगाहर्ट्झने, म्हणजे ७१ लाखांनी भागलं की ४२ मीटर आणि वर थोडं येतं. ही एका लहरीची लांबी. या पट्ट्याला आम्ही ४० मीटर म्हणतो. भारतात तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. अर्ध्या लहरीएवढी तार घ्यायची, मधोमध तोडायची, तुटलेल्या दोन टोकांना केबलचे दोन पदर जोडायचे, की झाला डायपोल. तारेच्या टोकांपाशी विजेचं वागणं जरा बदलतं, त्यामुळे प्रत्यक्षात पाचेक टक्के तार कमी लागते. म्हणून १४३ भागिले मेगाहर्ट्झ, हे सूत्र. ७.१ साठी उत्तर येतं २० मीटर १४ सेंटिमीटर. झोपाळ्याला त्याच्या लयीत हात दिला की फारसा जोर लागत नाही, तसंच या तारेचं. माप जुळलं की सेटमधून येणारी शक्ती ती निमूट घेते आणि सोडून देते. नाही जुळलं, तर त्यातली बरीच केबलमधून परत फिरते.

तर वीस मीटर. आमच्या सोसायटीची गच्ची १८ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद आहे. लांबीत तार सरळ बसत नाही. कर्ण काढला, २१ मीटर. पायथागोरस आयुष्यात कधी उपयोगी पडतो असं विचारणाऱ्या भाच्याला मी लगेच फोन करून सांगितलं. आमचं भाग्य असं की पाण्याची टाकी गच्चीच्या जवळजवळ मध्यावर, चार खांबांवर उभी आहे. तिला काठी बांधून तारेचा मधला बिंदू उंच न्यायचा आणि दोन्ही बाजू कोपऱ्यांकडे उतरत्या सोडायच्या. उलट्या व्ही अक्षरासारखा आकार होतो. मध्य स्लॅबपासून सहा मीटरवर आणि टोकं सव्वादोनवर धरली, की प्रत्येक बाजूला सव्वानऊ मीटर आडवी जागा लागते. म्हणजे दोन्ही मिळून साडेअठरा. कर्णावर आरामात बसते, वर दोरीलाही जागा उरते.

कागदावर बसते, असं म्हणायला हवं. कारण गच्ची सोसायटीची आहे आणि सोसायटीत गच्चीवर सगळ्यांचा हक्क असतो, विशेषतः दुसऱ्याला काही करायचं असेल तेव्हा.

मीटिंगमध्ये विषय शेवटी आला, पार्किंग आणि पाण्याच्या मोटरीनंतर. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे साहेबांचं काम का?"

"नाही हो, माझंच. साहेबांना मोबाइल सायलेंटवरून काढता येत नाही."

मग प्रश्न सुरू झाले. टीव्हीला मुंग्या येतील का. वाय-फाय बंद पडेल का. तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, यावर पाकिस्तानचं ऐकू येतं का. येतं म्हटलं, पण चीनचं त्याहून जास्त येतं. त्यांना ते आवडलं नाही. मग अपेक्षित प्रश्न आला, रेडिएशनचा. समोरच्या इमारतीवर मोबाइल टॉवर आल्यापासून आमच्याकडे कुणाचं डोकं दुखलं तरी वर बोट जातं. मी सांगितलं की मला बोलताना फार तर पन्नास वॉट लागतात, तेही बोलेन तेवढा वेळ. बाकीचा सगळा वेळ ती तार नुसती ऐकत असते. आणि एक गोष्ट न विचारताही सांगितली. डायपोलच्या टोकाला विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो, पन्नास वॉटलाही तो काहीशे व्होल्टपर्यंत जातो, बोलणं चालू असताना टोकाला हात लागला तर चटका बसेल. म्हणून टोकं डोक्याच्या वर ठेवणार आणि तिथे पाटी लावणार. गंमत म्हणजे या माहितीनेच विश्वास बसला. धोका कुठे आहे हे नेमकं सांगणाऱ्या माणसाला बाकीचंही माहीत असावं, असं लोकांना वाटतं.

परवान्याची प्रत लॅमिनेट करून सोसायटीच्या फाइलीत लावली. ही परीक्षा मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर दिली, बोरिवलीला गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनात. पेपरचा एक भाग रेडिओच्या तत्त्वांचा, एक नियमांचा. वरच्या श्रेणीला मोर्सही, म्हणजे टिंब-रेघांची लिपीही, द्यावं लागतं, मिनिटाला आठ शब्द. कोण कुठल्या कंप्रतेवर काय करतंय हे ऐकत बसणं हेच ज्या कचेरीचं काम, तिथे बसून पेपर लिहिताना मला फार छान वाटलं होतं.

कमिटीच्या अटी तीन. वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडायचं नाही. केबल इमारतीच्या पुढच्या बाजूने न्यायची नाही. आणि चैत्र-वैशाखात वाळवणाला अडचण होता कामा नये. तिसरी अट लेखी नव्हती, पण तीच सगळ्यात कडक होती.

सामान तापकीर गल्लीतून आणलं. घराच्या वायरिंगला वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार उत्तम चालते. तिचं बंडल नव्वद मीटरचं असतं, म्हणजे एका बंडलात चार डायपोल. दुकानदाराने एक काळी आणि एक लाल देऊ का विचारलं. दोन्ही काळ्याच हव्यात म्हटल्यावर तो जरा काळजीत पडला. "मॅडम, फेज-न्यूट्रल कळणार कसं?" त्याला समजावण्यात गेलेला वेळ मी वाया गेला असं मानत नाही. पुढच्या खेपेला त्याने विजेच्या खांबाच्या ताणाला लावतात ते चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर माझ्यासाठी काढून ठेवले होते.

मधल्या जोडासाठी पीव्हीसीचा टी पुरतो. आत तारा आणि केबल सोल्डर करायची आणि तोंडं एम-सीलने बुजवायची. पुण्याचा पाऊस कोकणाएवढा नसला तरी केबलच्या आत पाणी शिरायला एक भोक पुरतं, आणि एकदा जाळीच्या पदरात पाणी उतरलं की ती केबल गेली. जोडाच्या लगेच खाली केबलचे दहा-बारा वेढे चार इंची पाइपावर घट्ट गुंडाळायचे. डायपोलच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, पण केबलचे दोन पदर सारखे नसतात, एक आत आणि एक बाहेर. त्यामुळे शक्तीचा काही भाग बाहेरच्या पदरावरून घरात परत यायला बघतो. वेढे त्याची वाट अडवतात. हे केलं नाही तर शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येतो, आणि तो कधीच माणसासारखा येत नाही.

बांबू बुरूड आळीतला. खाली दोन मीटरचा जीआय पाइप, टाकीच्या खांबाला यू-क्लॅम्पने आवळलेला, त्यात बांबू. धातूचा अख्खा खांब चालला असता, पण बांबू हलका, वीज न वाहणारा, आणि वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही. फार टिकत नाही, हे खरं. वर चढवायला डिश बसवणारा एक मुलगा आला होता. टाकीच्या कडेवर तो असा उभा राहिला की मला खाली बघवेना. तार कोपऱ्यांकडे ताणायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, बांधायची कशाला? गच्चीवर सात-आठ गंजलेल्या डिश आहेत. त्यांचे मालक घर सोडून गेले, काहींनी फायबर घेतलं, छत्र्या तशाच राहिल्या. दोन कोपऱ्यांतले दोन स्टँड मी वापरले. कुणाचे आहेत हे विचारलं तर आधी सगळे "आमचे नाहीत" म्हणाले, आणि तार बांधल्यावर दोघांना आपले असल्याचं आठवलं.

दोरीबद्दल एक सांगते. पांढरी नायलॉनची स्वस्त दोरी आपल्या उन्हात भुसभुशीत होते, बोटांनी चोळली की तिची पूड पडते. काळी घ्यावी.

मग जुळवणी. तार नेहमी लांब कापायची, कारण जास्तीची कमी करता येते. मी प्रत्येक बाजू दहा मीटर तीस घेतली होती. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलं की ती विजेला आहे त्याहून दोन-तीन टक्के लांब भासते, त्यामुळे जुळणी ६.७५ मेगाहर्ट्झच्या आसपास आली. हे बघायला नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र मिळतं. पडद्यावर एक वक्ररेषा येते, तार जिथे जुळते तिथे तिला एक खळगा असतो, तो खळगा हव्या त्या कंप्रतेवर सरकवत न्यायचा. पूर्वी हेच काम मीटरचा काटा बघत, सेट चालू-बंद करत करावं लागे. दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटर कमी केलं की खळगा साधारण पासष्ट-सत्तर किलोहर्ट्झने वर सरकतो. कापायची गरज नाही, टोक मागे दुमडून तारेवरच पिळून ठेवलं तरी तेच होतं, आणि उद्या विचार बदलला तर उलगडता येतं. नऊ मीटर ऐंशीला खळगा ७.१ वर येऊन बसला. शिवाय तिप्पट कंप्रतेवर, २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही, ही तार थोडीफार जुळते. म्हणजे एका तारेत दुसरा बँड जवळजवळ फुकट.

पहिल्या सकाळी कोल्हापूर, पणजी, नागपूर, हैदराबाद ऐकू आलं. दूरचं काही नाही. याचं कारण उंचीत आहे. जमिनीपासून मोजली तर तार एकोणीस मीटरवर आहे, पण खाली स्लॅबमधल्या सळयांचं जाळं पसरलेलं आहे, त्यामुळे बऱ्याच अंशी ती सहा मीटरवर असल्यासारखीच वागते. लहरीच्या मानाने इतकी खाली असलेली तार आपली शक्ती क्षितिजाकडे न पाठवता थेट वर पाठवते. ती आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांना, आपटून काहीशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे खाली येते. पुस्तकांत याला अँटेनाचा दोष म्हणून मांडतात, मला ते पटत नाही. दिवसा पुण्याहून नागपूरला बोलायचं तर हीच अँटेना लागते. सह्याद्रीच्या आड बसलेल्या गावालाही ती सापडते, कारण सिग्नल डोंगर ओलांडत नाही, डोक्यावरून पडतो. सकाळच्या गप्पांत मराठी भरपूर असते. पाऊस किती, लाइट आहे का, नवीन बांबू कुठे मिळाला. राजकारण आणि धंदा नियमानेच वर्ज्य, त्यामुळे संभाषणाची पातळी आपोआप सोसायटीच्या मीटिंगपेक्षा वर राहते.

संध्याकाळ झाली की पट्टा बदलतो. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा आयनोस्फिअरचा डी थर दूरवरून तिरप्या येणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि त्याच्या कितीतरी वरचा एफ थर राहतो. मग याच ठेंगण्या तारेवर आखाती देश, रशिया, इंडोनेशिया यायला लागतात. आवाजाने नाही जमलं तर संगणकाने संदेश पाठवायची एफटी ८ असते. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये काढलेली ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत चालते, आणि कानाला ज्याचा पत्ताही लागत नाही असा सिग्नल संगणक वाचतो. टेलर म्हणजे दुहेरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलेच. आमच्यातले जुने लोक एफटी ८ ला नाकं मुरडतात, संगणकच संगणकाशी बोलतो म्हणतात. मी दोन्ही करते. पण घरात सगळे झोपलेले असताना आवाज न करता ब्राझील गाठता येतं, हा फायदा बायकांनी तरी नाकारू नये.

लघुलहरींचं आणि पुण्याचं नातं माझ्या तारेपेक्षा बरंच जुनं आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनीच्या बीम पद्धतीने बिनतारी तारांची सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. उंच लोखंडी मनोऱ्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये पडद्यासारख्या सोडलेल्या तारांच्या ओळी, सगळा रोख इंग्लंडकडे. बोलायचं एकीकडून आणि ऐकायचं दुसरीकडून, कारण शेजारी जोरात बोलत असला तर सात समुद्रांपलीकडचं कसं ऐकू येणार? दौंडला गाडी थांबली की मला हे आठवतं आणि मी शेजारच्या प्रवाशाला सांगते. चहा येईपर्यंत ते ऐकून घेतात.

घरातल्या रेडिओचीही अशीच तार असे. साताऱ्याला आजोळी माडीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एक पट्टी टांगलेली होती, दोन टोकांना इन्सुलेटर, आणि तिथून एक वायर खाली रेडिओत. रेडिओ बाळगायला पोस्टात वर्षाची फी भरून परवाना घ्यावा लागे, तो १९८० च्या दशकात रद्द झाला. आजोबा ४१ मीटरवर रेडिओ सिलोन लावत आणि ते खरखरू लागलं की मला पट्टीची वायर हातात धरून उभं राहायला सांगत. आवाज सुधारायचा. आज जिथे मी बोलते त्या ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या भागात तेव्हा जगभरच्या प्रसारण केंद्रांची गर्दी असे. २००३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरल्याप्रमाणे २००९ मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि ती हौशी लोकांना मिळाली. जागा मागून, वाट बघून मिळते हे मला त्यामुळे नवीन नाही.

आता त्रासाचं. तार कितीही चांगली असली तरी शहर तिच्यात ओरडत असतं. एलईडी दिव्यातला स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टचा वेग बदलणारी यंत्रणा, दिवाळीतल्या लुकलुकणाऱ्या माळा. ही सगळी वीज फार वेगाने चालू-बंद करत असतात आणि त्यातून लघुलहरींवर गुणगुण, टकटक, घरघर पसरते. घराच्या वायरिंगची लांबी त्यांना आयती अँटेना म्हणून मिळते. माझ्या तारेवर संध्याकाळी सातला हा गोंगाट इतका असतो की त्याखाली अर्धं जग दबलेलं असावं. छोटा ट्रान्झिस्टर घेऊन मी जिन्यातून वर-खाली हिंडते आणि दारादारांशी कान लावते. लोकांना आता सवय झाली आहे. एका घरात ई-स्कूटरचा चार्जर सापडला, त्याच्या वायरीवर फेराइटचे, म्हणजे असा गोंगाट अडवणारे, दोन मणी चढवून दिले आणि त्यांच्याकडचा आंबेडाळीचा वाडगा घेऊन आले.

जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांचे पृष्ठभाग भरीव पत्र्याचे नाहीत, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे, गोविंद स्वरूप यांनी योजलेली. हलकी, स्वस्त, आणि वाऱ्याला वाट देणारी. ती जागा निवडण्यामागे एक मोठं कारण म्हणजे माणसांच्या यंत्रांचा रेडिओ-गोंगाट तिथे कमी. खोडदच्या लोकांना एवढी शांतता लागते, तर कोथरूडात बसून मी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण मला एक सोय आहे जी त्यांना नको असेल. गुरुवार.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सगळी इमारत कुरकुरते. मी बॅटरीवर सेट लावते. वीज गेल्याच्या क्षणी मीटरचा काटा खाली येतो, इतका खाली की पहिल्यांदा मला केबलच निसटली असं वाटलं होतं. आणि मग आठवडाभर ज्यांचा पत्ता नव्हता अशी स्टेशनं वर येतात. कुणीतरी बारा-पंधरा शब्दांच्या वेगाने हाताने मोर्स पाठवतंय, त्यातला किंचित लंगडा ठेकाही कळतो. अँटेना तीच, तार तेवढीच. मी तिला दोष देत होते तेव्हाही ती हे सगळं ऐकतच होती. पंखा बंद असल्याने घाम टिपत मी ऐकत बसते आणि खालून कुणीतरी ओरडतं, "काकू, लाइट कधी येणार, तुमच्या रेडिओवर काही कळतंय का?"

वळवाच्या दिवसांत मात्र सगळ्यात मोठा आवाज आभाळाचाच. एप्रिलच्या संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर कडकड सुरू होते तेव्हा पुण्यावर ढगही नसतो. शेकडो किलोमीटरवरच्या विजा असतात त्या. कडकड दाट होत, जवळ येत गेली की मी वर जाऊन केबल सोडते आणि तिचं टोक अर्थिंगच्या पट्टीला लावते. त्या वेळी गच्चीवर कुरडया गोळा करायची घाई चालू असते. मी सांगते, अजून तास आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आता हवामान खात्याच्या आधी मला विचारतात.

सूर्याचाही हात असतो. सूर्याच्या चढ-उताराचं सध्याचं पंचविसावं चक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरात आलं. त्या काळात पन्नास वॉटमध्ये २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर युरोप-अमेरिका सहज मिळत होती. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं, लडाखमधल्या हानलेला आकाश लाल दिसलं, आणि आमच्याकडे पट्टे मुके झाले. नव्या माणसाने अशा दिवशी अँटेना उभारली तर तो बिचारा रात्रभर जोड तपासत बसेल. आदित्य-एल १ वरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवलेली. तेवढाच सूर्याशी स्थानिक संपर्क.

कमिटीपुढे उभा राहिलेला प्रत्येक हॅम कधी ना कधी आपत्तीचं नाव काढतो. मीही काढलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओ चालवायला गेल्या होत्या, हौसेसाठी. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या सेटवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचत राहिली. हे सगळं खरं आहे, आणि परवानग्या मिळायला उपयोगीही आहे. पण मी गच्चीचा जिना चढते तो आपत्तीसाठी नाही. त्याही गेल्या होत्या त्या आपत्तीसाठी नव्हे. तार आधी हौसेने टांगलेली असावी लागते.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी घरी आले. सोसायटी गच्चीवर सोलर पॅनल बसवतेय, ठरावही झालाय. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता, वीजबिल मलाही येतं. पण सोलरचा इन्व्हर्टर लघुलहरींवर काय करू शकतो हे मला ठाऊक आहे, म्हणून ठेकेदाराला देण्यासाठी एक कागद लिहून ठेवला होता. वायरी जोडीने पिळून न्या, इन्व्हर्टर धातूच्या पेटीत बसवा, पेटीचं अर्थिंग करा, दोन्ही बाजूंना फेराइट घाला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"ते होईल हो. पण ताई, पॅनल कर्णावर येतायत. तुमची तार काढावी लागेल."

"उभी करते मग. टाकीच्या वर दहा मीटरचा फायबरचा खांब, जागा वीतभर."

"दहा मीटर? आणि तारा?"

"तारा खाली पसरायच्या, पॅनलच्या खालून. दिसणारही नाहीत."

ते बराच वेळ हिशेब करत होते. मग म्हणाले, "वॉटरप्रूफिंगला भोक नको."